उजव्या कोपऱ्यातला खळगा

आमच्या कारखान्याच्या मागे फुटक्या मालाचा एक ढीग आहे. पावसाळ्यात त्यावर गवत उगवतं, उन्हाळ्यात त्यावर शेळ्या चढतात. रोज थोडा माल फुटतो, ढीग थोडा वाढतो. किश्श्यांचंही तसंच! रोज काही ना काही घोळ होतो, जेवणाच्या सुट्टीत कोणी तरी तो सांगतं, दुसऱ्या दिवशी त्यात मीठमसाला पडतो, आणि आठ दिवसांत किस्सा भाजून पक्का. फरक एवढाच, की फुटका माल कोणी मागत नाही. पाहुणे आले की किस्से मात्र चहाच्या आधी मागतात.

तर मागितलेत म्हणून सांगते. मधेमधे "खरंच का गं निशा?" असं विचारायचं नाही. मी क्वालिटी तपासणारी बाई आहे. माझं रजिस्टर सतत माझ्या बॅगेत असतं. लग्नाला जाते तेव्हाही असतं!

*

आधी आम्ही बनवतो काय, ते. आम्ही भोकं बनवतो.

हसू नका. फाउंड्रीत लोखंड वितळवून साच्यात ओततात ना, तेव्हा त्याच्याबरोबर कचराही वाहत येतो. तो अडवायला वाटेत एक चौकोनी जाळी ठेवतात, तळहाताएवढी. आंघोळीच्या स्पंजासारखी आरपार भोकांची, पण भाजलेल्या मातीची, म्हणजे तापलेल्या लोखंडालाही पुरून उरणारी. इंग्रजीत त्याला सिरॅमिक फोम म्हणतात. आमच्याकडे सगळे जाळीच म्हणतात.

मला पाहायला राजुऱ्याला पाहुणे आले होते. मुलाच्या मामाने विचारलं, "मुलगी करते काय?"

आमचे बाबा आधीच अभिमानाने फुगलेले. म्हणाले, "गडचिरोलीले कारखान्यात हाय. भोकं बनवते!"

मामांनी बशीतला चहा तसाच धरला. "कायले?"

"लोखंड गाळाले."

शेवटी मामांनी बशी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "म्हणजे बँकेत नाई?"

ते स्थळ गेलं. फार बरं झालं.

*

कारखाना खोब्रागडे सरांचा. सर नागपूरला इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवत होते. सूरजागडच्या डोंगरातलं लोखंड ट्रकमधून रोज डोळ्यांसमोरून जाताना पाहून त्यांच्या मनात आलं, लोखंड तर चाललंच आहे, निदान गाळणी तरी आपली असू द्या. नोकरी सोडली आणि गडचिरोलीच्या एमआयडीसीत शेड टाकली. हुशार माणूस! फक्त शिकवायची सवय सुटली नाही. पाणी मागितलं तरी आधी पाण्याची व्याख्या सांगतात.

भट्टीवर रशीदभाऊ. त्यांच्या घरात तीन पिढ्या कवेलू, म्हणजे घरावरची कौलं, बनवत. आता घरावर कवेलू कोणी टाकत नाही, म्हणून रशीदभाऊ आमच्याकडे.

आणि दाबायच्या टेबलावर मंदाबाई. धानोऱ्याकडची. पन्नाशीची, किडकिडीत. हाताखाली दोघी जणी.

दाबायचं म्हणजे काय, तर खरा स्पंजाचा तुकडा घ्यायचा, मातीच्या घोलात, म्हणजे पाण्यात कालवलेल्या मातीत, बुडवायचा आणि पिळून काढायचा. स्पंजाच्या धाग्यांवर माती बसली पाहिजे, पण भोकं मोकळी राहिली पाहिजेत. मग तो वाळवायचा आणि भट्टीत टाकायचा. भट्टीत स्पंज जळून जातो आणि त्याच्या आकाराची माती तेवढी मागे राहते. सगळी गंमत त्या दाबण्यात आहे. कमी दाबलं तर भोकं बुजतात. जास्त दाबलं तर धागे उघडे पडतात आणि भट्टीत जाळीचा चुरा होतो.

सरांनी एकदा सगळ्यांना घोलाचं शास्त्र शिकवायचं ठरवलं. फळा आणला, खडू आणला. पाऊण तास थिक्सोट्रॉपी! घोल हलवला की पातळ होतो, स्थिर ठेवला की घट्ट होतो, आणि त्यामागे कणांची कशी कशी रचना असते, वगैरे. घामाघूम झाले बिचारे.

मंदाबाईने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे दहीच ना सर?"

सर खडू धरून उभे राहिले. "हो," म्हणाले, "म्हणजे... दहीच."

"मंग एवढं कायले सांगून राह्यले? मले वाटलं काही बिघडलं का काय!"

*

आता माझा पराक्रम. पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं, म्हणून लपवून चालणार नाही.

मी नवीन लागले होते. डिप्लोमा ताजा, डोस्कं गरम. पहिल्याच आठवड्यात मंदाबाईच्या जाळ्या तपासल्या. वजन बरोबर, भोकं मोकळी, पाणी ओतलं की सरळ खाली. पण प्रत्येक जाळीच्या वरच्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात, एक बारीक खळगा. अंगठ्याचा! दाबून झालेली ओली जाळी ट्रेवर ठेवताना मंदाबाई ती तिथे धरायची.

मी रजिस्टर उघडलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: "दोष: उजव्या कोपऱ्यात खळगा."

मंदाबाईला बोलावून दाखवलंसुद्धा. म्हटलं, "मावशी, असल्या मालावर मी सही करणार नाही."

ती म्हणाली, "मंग धरू कुठी पोरी? हवेत?"

"ते मला माहीत नाही. ड्रॉइंगमध्ये खळगा नाही."

"ड्रॉइंग ओलं राह्यते का?"

मी रिपोर्ट केला आणि नियमाप्रमाणे एक प्रत फाउंड्रीला पाठवली. त्याआधी इतकी वर्षं तिथून खळग्याबद्दल एक अक्षर आलं नव्हतं. माझा रिपोर्ट पोचला आणि तिकडच्या खरेदीवाल्या साहेबांना एकदम खळगा दिसायला लागला! त्यांचं पत्र आलं: माल एकसारखा हवा, हाताच्या खुणा चालणार नाहीत.

सरांनी दोन दिवस विचार केला आणि जाहीर केलं, की हाताने दाबणंच बंद करू. भोकं करायच्या इतर पद्धती आहेत. त्यातली एक जरी जमली तरी दाबायचं टेबल उचलू.

टेबल उचलू म्हणजे मंदाबाई आणि तिच्या दोघी जणी घरी.

मंदाबाई मला काही म्हणाली नाही. फक्त त्या दिवसापासून "पोरी" म्हणायचं सोडून "मॅडम" म्हणायला लागली. एकदा डबा खाताना मात्र बोलली. "बारा वर्ष मी लोकाच्या बांधीत धानाचा रोवणा केला मॅडम. कोणी म्हटलं नाई का बाई, हे तुले एकटीलेच जमते. इथी सारे म्हणते." एवढं बोलून तिने भाजीत भाकर बुडवली. खरं सांगते, मला त्या रजिस्टराला काडी लावावीशी वाटली.

*

पहिली पद्धत अंड्याची.

अंड्याचा पांढरा बलक फेटून फेस करायचा, त्यात मातीचा घोल मिसळायचा, साच्यात ओतायचा आणि फेस वाळला की भाजायचा. बुडबुड्यांची भोकं तयार. दाबायचं कामच नाही!

सरांनी बाजारातून अंड्यांचे ट्रेच्या ट्रे आणले. फेटायला यंत्र आणलं, ते पहिल्याच दिवशी जळलं. मग फेटणार कोण? मंदाबाई! आपलंच टेबल उचलायला निघालेली पद्धत, आणि ही बाई मनापासून फेटते आहे. रशीदभाऊ तिला बाजूला घेऊन म्हणाले, "जरा आळस कर ना वो मंदाबाई. कायले एवढं फेटून राह्यली?"

ती म्हणाली, "मले खराब फेटता येत नाई रशीदभाऊ. मी काय करू?"

उरले पिवळे बलक. ते टाकवेनात. म्हणून रोज त्यांची भुर्जी, वर कांदा, मिरची आणि मूठभर सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. आठ दिवस सकाळ-दुपार भुर्जी! नवव्या दिवशी एमआयडीसीतली कुत्रीसुद्धा आमच्या गेटवरून तोंड फिरवून जायला लागली.

जाळ्या भाजून निघाल्या त्याच दिवशी खरेदीवाले साहेब आले. गोरेपान, कडक इस्त्री, शुद्ध शाकाहारी. पांढरीशुभ्र हलकी जाळी हातात घेऊन कौतुकाने म्हणाले, "वा! यात काय असतं?"

सर खरं बोलणारा माणूस. "अंडं," म्हणाले.

साहेबांनी जाळी टेबलावर सोडली आणि हात लांब धरला. त्या हाताचं आता काय करावं ते त्यांना कळेना.

रशीदभाऊ पुढे झाले. "साहेब, तेराशे डिग्रीत भाजली हाय. त्यात अंडं राह्यते का? कोंबडी टाकली असती तरी ती शाकाहारी होऊन निघाली असती!"

साहेबांनी हात तीनदा धुतला. पद्धत मात्र त्यांच्यामुळे पडली नाही. पाणी ओतून पाहिलं तर ते जाळीवरच तळं करून बसलं. आत बुडबुडे होते, पण प्रत्येक बुडबुडा आपापल्या घरात दार लावून. एकातून दुसऱ्यात जायला वाट नव्हती. सरांनी कपाळावर हात मारला. मी तोंड फिरवून हसले.

*

दुसरी पद्धत जाळून भोकं करायची. मातीत असं काही मिसळायचं की जे भट्टीत जळून जाईल, म्हणजे त्याच्या जागी भोक राहील. लोक लाकडाचा भुसा टाकतात, धानाचा कोंडा टाकतात. सरांना काही तरी खास आपल्या भागातलं हवं होतं.

"मोहफूल!" म्हणाले.

रशीदभाऊंनी भट्टीकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं. "सर, जिल्ह्यात दारूबंदी हाय."

"आपण दारू नाही बनवत, रशीदभाऊ. आपण पोकळी बनवतो."

मंदाबाईने गावाहून चांगली निवडलेली, वाळलेली मोहफुलं आणून दिली. दळली, मातीत कालवली, चाचणीपुरते विटांचे साचे भरले आणि झाकून ठेवले. मार्चचं ऊन! तिसऱ्या दिवशी शेड उघडली तर साच्यातून माती इडलीसारखी फुगून वर आलेली, आणि वास असा, की रशीदभाऊ नाकाला रुमाल लावून म्हणाले, "तौबा! मी तं वासानंच झिंगलो!"

सर मात्र खूश. "स्वतःच फसफसलं! डबल पोकळी!"

पहिल्या विटा भाजून निघाल्या तरी उरलेल्या साच्यांचा वास जाईना. त्या वासावर एका दुपारी एक जीप आली. त्यातून एक अधिकारी साहेब उतरले, सोबत दोन शिपाई. साहेबांनी दारातच नाक वर केलं. "माल कुठी हाय?"

सरांना माल शब्द ऐकून आनंद झाला. त्यांनी फळा ओढला आणि साहेबांना समोर बसवलं. पोकळी म्हणजे काय, उघडी पोकळी, बंद पोकळी, जळून जाणारे पदार्थ. तासभर! शिपाई उभ्या उभ्या पेंगायला लागले. शेवटी साहेब हात जोडून म्हणाले, "सर, दारू कुठी हाय ते सांगा ना. विटा काय दाखवून राह्यले!"

रशीदभाऊ म्हणाले, "विटेतच हाय साहेब. चावून पाहा."

साहेब जाताना चौकशीसाठी म्हणून एक भाजलेली वीट घेऊन गेले. आम्ही महिनाभर कागदाची वाट पाहिली. कागद काही आला नाही. पुढे रशीदभाऊ कुठल्याशा कामाने त्यांच्या ऑफिसात गेले, तर वीट साहेबांच्या टेबलावर. तिच्या भोकांत उदबत्त्या खोचलेल्या! साहेब म्हणाले, "लय कामाची चीज बनवता तुम्ही."

पाणी या विटेतूनही खाली उतरलं नाही. दोन पद्धती गेल्या आणि मंदाबाईचं टेबल जागेवर होतं. त्या संध्याकाळी मी तिला घरून आणलेली शेव खाऊ घातली. तिने खाल्ली आणि म्हणाली, "बरी हाय मॅडम." अजून मॅडमच.

*

मधे भट्टीचा एक किस्सा सांगून घेते.

भट्टी चढताना एक वेळ अशी येते की स्पंज जळून गेलेला असतो आणि माती अजून पक्की झालेली नसते. जाळी नुसती उभी असते, तिला आधार कशाचाच नाही. त्या दोन तासांना आम्ही अबोला म्हणतो. रशीदभाऊ पालथ्या बादलीवर बसतात आणि शेडमध्ये कोणी धावायचं नाही, दार आपटायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. कवेलूच्या भट्टीवर त्यांचे आजोबा बोलू देत नसत, तेव्हापासूनची रीत.

सरांना ही रीत पटत नसे. एक दिवस ते ऐन अबोल्यात तावातावाने आत आले. "रशीदभाऊ, मी गणित केलंय. आवाजाचा आणि जाळीचा काडीमात्र संबंध नाही!"

रशीदभाऊंनी ओठांवर बोट ठेवलं.

"तुम्ही शास्त्र समजून घ्या, की..." आणि सरांना शिंक आली. अशी शिंक, की छपरावरची कबुतरं उडाली.

भट्टीच्या आतून बारीकसं 'कट्' ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तर वरचा अख्खा थर खाली बसलेला. सर म्हणाले, "योगायोग." पण पुढच्या भट्टीला आम्ही आलो तर दारावर पाटी, सरांच्याच सुंदर हस्ताक्षरात: "भट्टी चालू. शिंकू नये."

*

एप्रिलअखेर मशीन आलं. दोन रोलर, मधून ओला स्पंज घालायचा, पलीकडून दाबलेली जाळी बाहेर. दक्षिणेकडून ट्रकने आलं.

ट्रकवाला म्हणाला, नारळ फोडल्याशिवाय उतरवणार नाही. आता आली पंचाईत! सर बौद्ध, मी बौद्ध, मंदाबाई बौद्ध, रशीदभाऊ मुसलमान. सगळे एकमेकांकडे पाहायला लागलो. ट्रकवाला हट्टाला पेटला. शेवटी रशीदभाऊ म्हणाले, "आण इकडं," आणि भट्टीच्या सळईने एका फटक्यात नारळ फोडला. मंदाबाईने खोबऱ्याचे तुकडे केले, त्यावर साखर टाकली आणि सगळ्यांना वाटले. पहिला तुकडा तिने मशीनवर ठेवला.

"माह्या जागेवर येऊन राह्यली," म्हणाली. "पाहुणीले गोड तं द्या."

कोणी हसलं नाही. ट्रकवाला हसला, त्याला माहीत नव्हतं.

मशीनच्या जाळ्या बिस्किटांसारख्या निघाल्या. एकीला झाका, दुसरीला काढा. वजन तेच, भोकं मोकळी, पाणी झरझर खाली. खळगा शोधूनही सापडेना. मी दिवसभर खोट काढायचा प्रयत्न केला, आईशप्पथ! सापडली नाही. मग रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: "दोष: नाही." खाली सही केली.

मंदाबाई मागे उभी होती. म्हणाली, "अक्षर छान हाय तुमचं."

सर तिच्याकडे न पाहता म्हणाले, "मंदाबाई, तुम्ही तिघी पॅकिंगमध्ये..."

"तिथी दोघी हायेत सर. त्याहीले उठवून आम्ही बसू?" तिने पदर खोचला. "तेंदूचा हंगाम लागलाच हाय. जातो आम्ही."

जाताना तिने दाबायचं टेबल ओल्या फडक्याने पुसलं. रशीदभाऊ त्या दिवशी अबोला नसतानाही कोणाशी बोलले नाहीत. रात्री मी घरी फोन लावला आणि रडले. आई म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही, सही केली.

*

आता शेवटचा.

मशीनच्या जाळ्या फाउंड्रीला गेल्या आणि तीन आठवड्यांत खरेदीवाले साहेब तणतणत आले. जाळ्या अडताहेत! काही नीट चालतात, काहींतून लोखंड उतरतच नाही. सोबत त्यांनी सदाशिवभाऊंना आणलं होतं. सदाशिवभाऊ तिथे ओतकाम करतात, साच्यात जाळी बसवणारे तेच. हातांवर जुन्या चटक्यांचे डाग.

ते खुर्चीवर बसलेच नाहीत. मशीनच्या ढिगातली एक जाळी उचलली, डोळे मिटले आणि चारही कोपरे चाचपले. उलटी केली, पुन्हा चाचपले. डोळे उघडून सरांना म्हणाले, "याचं तोंड कुठी हाय?"

"तोंड?"

त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली जुनी जाळी काढली. मंदाबाईची. उजव्या कोपऱ्यातल्या खळग्यात स्वतःचा अंगठा ठेवला. "हे तोंड. ही बाजू वर. आमच्या हातात दस्ताने, समोर जाळ. डोळे उघडता येते का तिथी? अंगठा बसला का जाळी सुलटी. आमची सगळी पोट्टी असीच शिकली."

सर खुर्चीत खाली बसले. मग हळूहळू आम्हाला सांगायला लागले, आणि या वेळी फळा मागितला नाही. ओली जाळी ट्रेवर वाळते तेव्हा थोडा घोल खाली उतरतो. खालची बाजू जराशी दाट होते. ती साच्यातही खालीच जायला हवी. डोळ्यांना फरक दिसत नाही. मंदाबाई जाळी ठेवताना वरून धरायची, म्हणून खळगा कायम वरच्याच बाजूला, कायम त्याच कोपऱ्यात.

खरेदीवाले साहेब माझ्याकडे वळले. "पण तुमच्याच रिपोर्टात तर हा दोष लिहिलाय!"

मी बाटली तोंडाला लावली. बाटली रिकामी होती. तरी बराच वेळ पीत राहिले.

साहेब जाताना सांगून गेले, खळग्याची जाळी द्या, नाही तर आम्ही दुसरीकडे पाहतो. मग सुरू झाली आमची धावपळ. रंगाचा ठिपका लावला, भट्टीत जळून गेला. मशीनच्या रोलरला बोल्ट बसवला, त्याने स्पंज टराटरा फाडला. रशीदभाऊ म्हणाले, अंगठाच लावायचा ना, मी लावतो. त्यांचा कवेलूवाला अंगठा जाळीतून आरपार गेला! मी लावला, तर सगळ्या जाळ्यांना भट्टीत कोपऱ्यातून चिरा गेल्या.

"शास्त्रीय कारण असणार," सर म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "जीप काढा."

धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या रस्त्यावर सरांनी जीप गावाच्या अलीकडेच थांबवली. म्हणाले, टायरमध्ये हवा कमी वाटते, तू पुढे हो. रशीदभाऊही टायर पाहायला उतरले. दोन मोठे बाप्ये चांगल्या टायरसमोर उकिडवे बसलेले तसेच सोडून मी एकटी गावात गेले.

मंदाबाई मांडवाखाली विडीच्या तेंदूपानांचे पुडके बांधत होती. शेजारी तिच्या दोघी जणी. मला पाहिलं, पण हात थांबला नाही.

"काऊन आल्या मॅडम?"

मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. सदाशिवभाऊंचे मिटलेले डोळे, बोल्ट, रशीदभाऊंचा अंगठा. त्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मंदाबाई हसली नाही.

"अंगठा पाह्यजे का मी पाह्यजे?"

"तू पाहिजे मावशी."

"आन् ह्या दोघी?"

"त्यापण."

"सर कुठी हायेत?"

"रस्त्यावर. टायर पाहून राह्यले."

तिने पुडका बाजूला ठेवला. "रजिस्टर हाय?"

ते बॅगेत होतंच. मी काढून दिलं. तिने पानं उलटली, पहिली नोंद काढली आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचली. "दोष. उजव्या. कोपऱ्यात. खळगा." मग पुढे उलटत मशीनच्या नोंदीवर आली. "दोष. नाही." रजिस्टर तसंच उघडं माझ्या मांडीवर ठेवलं.

"दुरुस्त कर पोरी."

"काय लिहू?"

"क्वालिटी तू हायस का मी?"

मी पेन काढलं. "दोष" आणि "नाही" यांच्या मधे जागा कमी होती, म्हणून दोन्ही खोडलं आणि खाली नवीन ओळ लिहिली. तिने रजिस्टर ओढून घेतलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचलं.

"दोष. उजव्या. कोपऱ्यात. खळगा. नाही."

पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मनात. मग पदराला हात पुसले आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

"आता सही कर."